घोडीचा चीक

शिंगराच्या मागच्या पायावर रक्त दिसलं तेव्हा ते घोडीचंच असेल असं मी धरून चालले. घोडी व्याल्याला दीड दिवस झाला होता. वार वेळेवर पडली होती, तरी इकडंतिकडं थोडंफार लागतंच. मी ओल्या फडक्यानं शिंगराचा पाय पुसला आणि फडकं पिळून वळले, तर तिथं पुन्हा लाल रेघ आलेली. खाली वाकून पाहिलं. रक्त शिंगराच्या बेंबीतून येत होतं. धार नव्हती. थेंब होते, पण एकाला लागून एक.

मी नर्स आहे. संगमनेर तालुक्याच्या पठार भागात एका उपकेंद्रावर मी बावीस वर्षं काढली. बाळंतपणातलं रक्त किती वेळात थांबायला हवं ते मला घड्याळ न बघता कळतं. म्हणून मी नेहमीचंच केलं. हात धुतले, नाळ दोऱ्यानं बांधली, वर गॉज दाबून धरला. शिंगरू चांगलं तरतरीत होतं, माझ्या हातातून सुटायला बघत होतं, आईकडं मान ताणत होतं. दहा मिनिटांनी मी गॉज काढला. तो पूर्ण भिजला होता, आणि रक्त पाण्यासारखं पातळ, तसंच गळत होतं. मग मी त्याचा ओठ वर करून पाहिला. हिरड्यांवर लाल ठिपके होते, टाचणीनं टोचल्यासारखे, मोजता येणार नाहीत इतके.

असे ठिपके मी डेंग्यूच्या पेशंटला पाहिले होते. घोड्याच्या पिल्लाला, तेही दीडच दिवसाच्या, असं काही होतं हे मला ठाऊक नव्हतं. मी नवऱ्याला हाक मारली आणि जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावायला सांगितलं.

घोडी माझ्या सासऱ्यांची. आमच्या भागात बैलगाड्याच्या शर्यतीत बैलांच्या पुढं घोडी पळते, तिच्या मागं बैल जीव तोडून धावतात. शर्यती बंद होत्या तेव्हाही मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, घोडी राखली. सत्तरी ओलांडल्यावर तिच्यावर बसणं सुटलं, पण सकाळी उठून आधी तिच्या अंगावर हात फिरवायचा आणि मग चूळ भरायची, हे सुटलं नाही. घोडीला पारनेरकडच्या एका देखण्या घोड्यापासून पहिलं शिंगरू झालं. ते छान वाढलं, आणि पुढं भंडारदऱ्याला पर्यटकांना फिरवायला गेलं. घोडा चांगला म्हणून दुसऱ्या वेळीही तोच, आणि या वेळीही.

ते दुसरं शिंगरू तिसऱ्या दिवशी गेलं. त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. मी तेव्हा नाशिकला ट्रेनिंगला होते. परत आले तेव्हा मामा गोठ्याच्या दाराशी बसलेले होते आणि शिंगरू पुरलेलं होतं. नवऱ्यानं सांगितलं, नाळ तुटत नव्हती म्हणून मामांनी कोयत्यानं कापली, दुसऱ्या दिवसापासून बेंबीतून रक्त लागलं ते थांबलंच नाही. मी विचारलं, कुठला कोयता? नवरा म्हणाला, ऊस तोडायचा.

मी त्या दिवशी मामांना जे बोलले ते शब्द मला अजून तसेच्या तसे आठवतात. मी म्हणाले, "मामा, मी सगळ्या गावाला शिकवते आणि माझ्याच घरात ऊस तोडायच्या कोयत्यानं नाळ कापतात. तुम्ही मारलंत त्याला." मामांनी काही उत्तर दिलं नाही. मान खाली घालून बसून राहिले. मला वाटलं, चूक कळली म्हणून गप्प आहेत.

तेवढ्यावर मी थांबले असते तर एक वेळ ठीक होतं. पण गरोदर बायांच्या बैठकीत मी ती गोष्ट सांगायला लागले. नाळ कापायला घरातलं पातं वापरू नका, हे पटवायला दुसरं इतकं चांगलं उदाहरण माझ्याकडं नव्हतं. आमच्या सासऱ्यांनी कोयता वापरला आणि शिंगरू गेलं, असं मी नाव न घेता सांगत होते, पण सासरे कोण हे गावाला सांगायची गरज काय होती? बाया हसायच्या, माना डोलवायच्या, आणि ते सगळं घरोघर जायचं. पारावर कुणीतरी मामांना कोयता घेऊन येता का म्हणून चिडवलं, हेही माझ्या कानावर आलं होतं. मी ते मनावर घेतलं नाही.

या वेळी घोडी व्याली ती उजाडता उजाडता, होळीच्या दोन दिवस आधी. मामा गोठ्यात आलेच नाहीत. मी बोलावलं तर उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "तुझ्याच हातानं हुंदे." मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, जिंकल्यासारखं वाटलं. नाळ आपोआप तुटली, मी तिला औषध लावलं, शिंगरू तासाभरात उभं राहिलं. सगळं जसं व्हावं तसं झालं, फक्त घोडी त्याला कासेला लागू देईना. ते जवळ गेलं की पाय उचलायची, फिरून उभी राहायची.

आता चिकाबद्दल सांगायला हवं. बाळंतिणीचं पहिलं घट्ट पिवळं दूध, त्याला आपण चीक म्हणतो. मी नोकरीला लागले तेव्हा घरोघरच्या म्हाताऱ्या ते पिळून टाकून द्यायच्या. नासकं दूध म्हणायच्या. ते बाळाच्या तोंडात जावं म्हणून मी किती घरांत भांडले, किती सासवांशी वैर घेतलं, याची गणती नाही. चीक म्हणजे बाळाची पहिली लस, हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की झोपेतही म्हणेन. तेव्हा माझ्या गोठ्यातलं शिंगरू चिकावाचून राहणं मला कसं चाललं असतं? नवऱ्यानं घोडीला धरलं, मी स्टीलच्या वाटीत चीक पिळला, मधासारखा घट्ट होता, आणि बाटलीनं शिंगराला पाजला. दिवसभरात पाच-सहा वेळा. शेवटचा थेंबसुद्धा बोटानं त्याच्या जिभेला लावला. वाटीतल्या चिकाचा फोटो मी आमच्या नर्सच्या ग्रुपवर टाकला होता. संध्याकाळपर्यंत घोडी शांत झाली आणि शिंगरू आपलं आपण प्यायला लागलं.

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हे रक्त.

जनावरांच्या डॉक्टर आल्या त्या एक तरुण मॅडम, तालुक्याला नव्यानं बदलून आलेल्या. त्यांनी शिंगराचे ओठ पाहिले, कानाची आतली बाजू उलटून पाहिली. तिथंही ठिपके. तपासायला मानेतून थोडं रक्त घेतलं, तर सुई टोचलेल्या जागेवर बघता बघता लिंबाएवढी गाठ आली. त्यांनी मला ती जागा दाबून धरायला सांगितलं आणि काचेच्या नळीतलं रक्त गोठतंय का ते बघत बसल्या. मग रक्ताची दुसरी नळी नवऱ्याकडं दिली आणि संगमनेरच्या माणसांच्या लॅबमध्ये नेऊन पेशी मोजून आणायला सांगितलं. पेशी म्हणजे प्लेटलेट, रक्त गोठवणाऱ्या. नवरा मोटारसायकलवर गेला.

तो जाऊन फोन येईपर्यंत मॅडम मला प्रश्न विचारत होत्या. घोडीचं हे कितवं? आधीच्यांचा बाप कोण? तोच का? दुसऱ्याचं काय झालं? मी कोयत्याची गोष्ट सांगितली, सवयीनं, बैठकीत सांगते तशीच. मामा भिंतीशी बाजेवर बसून ऐकत होते. मग मॅडमनी विचारलं, शिंगराला चीक किती मिळाला? मी मोठ्या अभिमानानं सांगितलं की घोडी पाजत नव्हती तरी मी एक थेंब वाया जाऊ दिला नाही. त्यावर मॅडमनी माझ्याकडं जे पाहिलं, ते पाहणं मला कळलं नाही. त्या उठून बाहेर गेल्या आणि त्यांच्या कॉलेजातल्या सरांशी फोनवर बोलत राहिल्या.

नवऱ्याचा फोन आला. लॅबवाल्यानं दोनदा मशीन लावलं होतं. पेशी जवळपास नाहीतच, असं तो म्हणत होता, आणि पेशंट कुठल्या दवाखान्यात ॲडमिट आहे असं विचारत होता.

मॅडम परत आल्या आणि माझ्याशेजारी उकिडव्या बसल्या. त्यांनी हळूहळू सांगितलं. पोटातल्या शिंगराच्या काही पेशी बापावर गेलेल्या असतात. घोडीच्या शरीराला त्या परक्या वाटतात. एकाच घोड्यापासून पुन्हा पुन्हा पोट राहिलं की तिचं रक्त त्या पेशींना मारणारं काहीतरी तयार करून ठेवतं. पहिल्या शिंगराला काही होत नाही, पुढच्यांना होऊ शकतं. फार क्वचित होतं, त्यांनी स्वतः कधी पाहिलं नव्हतं, फक्त वाचलं होतं. घोड्यांमध्ये ते आईच्या पोटात असेपर्यंत पिल्लापर्यंत पोचत नाही. ते सगळं कासेत साठतं.

मला पुढचं कळलं होतं, तरी मी विचारलं, "मग पिल्लात कशातून जातं?"

"चिकातून," मॅडम म्हणाल्या.

मी गॉज धरून बसले होते. पाच-सहा बाटल्या मी स्वतः पाजल्या होत्या. घोडी पाय उचलत होती, फिरून उभी राहत होती, आणि मी तिला धरायला लावून पिळलं होतं. तसंच सोडलं असतं तर त्यातलं निम्मं तरी त्याच्या पोटात गेलं नसतं. मॅडम म्हणत होत्या की कुणीही हेच केलं असतं, त्यांना विचारलं असतं तर त्यांनीही पाजाच म्हटलं असतं, चीक न मिळाल्यानं शिंगरं मरतात ती कितीतरी जास्त. ते खरं होतं. पण मी ज्या एका गोष्टीसाठी आयुष्यभर भांडले, तीच माझ्या हातानं त्याच्या रक्तात कालवली गेली होती. मला रडू आलं नाही. मी नुसती त्या रक्ताकडं बघत राहिले, कारण ते माझ्या बोटांमधून गळत होतं.

तेवढ्यात बाजेवरून मामांचा आवाज आला. त्यांनी मॅडमना विचारलं, दोन वर्षांमागं जे गेलं, ते बी ह्यानंच का? मॅडम म्हणाल्या, त्याचं कसं दिसत होतं त्यावर आहे. मामांनी सांगितलं की त्याच्याही हिरड्यांवर असेच ठिपके होते. कानात होते. एका गुडघ्यावर ते आपटलं तर तिथं वांग्याएवढी काळी गाठ आली होती. दोन वर्षांत हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या की आता छातीवर हात ठेवून काही सांगता येणार नाही, पण त्यांना तेच वाटतं.

"म्हंजी कोयत्यानं न्हाई मेलं ते," मामा म्हणाले.

मॅडमनी मान हलवली. मी वर बघू शकले नाही.

पुढं विचार करायला वेळ नव्हता. शिंगराला ताज्या रक्ताची गरज होती आणि ते घोडीचं चालणार नव्हतं, तिच्या रक्तात तर तेच भरलेलं. बापाचं अजिबात नाही. तिसऱ्याच, नात्यात नसलेल्या घोड्याचं हवं होतं. मामांच्या बाजारातल्या ओळखीचा एक वरातीचा घोडा संगमनेरला होता. मामांनीच फोन केला. मी त्यांना असं सलग बोलताना कितीतरी दिवसांनी ऐकत होते. घोडेवाला म्हणाला की उद्या त्याची वरात आहे. मग थांबून म्हणाला की लग्नघरी दुसरा घोडा लावून देतो, हा घेऊन येतो. दीड तासात टेम्पो दारात उभा राहिला. पांढरा शुभ्र घोडा, पायांना अजून मेंदीचा रंग, कपाळावर कुठल्यातरी लग्नातलं चिकटवलेलं आरशाचं गोल.

तोवर आम्ही शिंगराला आईपासून अलग केलं. मॅडमनी सांगितलं होतं, जे जायचं ते पहिल्या दिवशीच रक्तात गेलंय, तरी आजचा दिवस तिचं दूध नको. मधे बांबू बांधले. शिंगराला बाटलीनं शेळीचं दूध दिलं. घोडी बांबूवर छाती लावून हंबरल्यासारखा आवाज काढत होती; सकाळी जी त्याला जवळ घेत होती ती आता त्याला हुंगूही शकत नव्हती. नवरा येताना पपईची पानं घेऊन आला, डेंग्यूला लोक रस देतात म्हणून. मॅडमनी ती पानं बाजूला ठेवायला सांगितली, पण त्याला नाव ठेवलं नाही.

मॅडमनी आधी पांढऱ्या घोड्याच्या आणि शिंगराच्या रक्ताचे थेंब काचेवर एकत्र करून पाहिले. जुळलं. मग रक्तपेढीतून मागून आणलेल्या रिकाम्या पिशव्या काढल्या. घोड्याच्या मानेतून त्या भरताना घोडेवाला त्याच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटत होता. घोडा हललासुद्धा नाही. शिंगराच्या शिरेत सुई घालण्याआधी मात्र मॅडमनी दोनदा जागा चाचपून पाहिली, कारण चुकली तर अजून एक गाठ. सुई लागली. पिशवी उंच धरायचं काम माझं. शिंगराला आडवं निजवून त्याचं डोकं मामांनी मांडीवर घेतलं. दोन वर्षांमागच्या त्या शिंगरानंतर पहिल्यांदाच ते शिंगराला हात लावत होते.

रक्त फार सावकाश द्यायचं होतं. मॅडम थोड्या अंतरावर हात धूत होत्या, नवरा टेम्पोपाशी. आम्ही दोघंच होतो. मी म्हणाले की मामा, मी तुम्हाला नको ते बोलले. त्यांनी शिंगराच्या डोळ्यावरची माशी हाकलली.

"मी कोयता उकळून घेतला हुता," ते म्हणाले. "चुलीवर. तू बायांना सांगतीस तसा. दोराबी उकळला."

पिशवी धरलेला माझा हात खाली आला. मामांनीच नजरेनं वर कर म्हणून खुणावलं.

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तू इचारलंच न्हाईस."

मी विचारलं होतं फक्त एवढंच, कुठला कोयता. तेही नवऱ्याला. घरात शिरल्यापासून दहा मिनिटांत मी निकाल देऊन मोकळी झाले होते. आणि मामांना स्वतःलाही खात्री नव्हती. उकळूनसुद्धा काहीतरी राहिलंच असेल, सून शिकलेली आहे, ती म्हणते तर आपल्याच हातून झालं असेल, असं धरून त्यांनी दोन वर्षं काढली. हे त्यांनी मला सांगितलं नाही. ते मला त्यांच्या हातांकडं बघून कळलं. ते शिंगराचं डोकं असं धरून होते की जणू त्यांच्या बोटांनीच त्याला काही होईल.

रात्री उशिरा चौथी पिशवी संपली. बेंबीचं रक्त आधी अडखळलं, मग थांबलं. मॅडमनी तासाभरानं हिरड्या पाहिल्या, नवे ठिपके नव्हते. त्या म्हणाल्या की धोका टळला म्हणता येणार नाही, आठ-दहा दिवस त्याला कुठं आपटू द्यायचं नाही, एक सुईसुद्धा टोचायची नाही. आम्ही गोठ्यात सगळीकडं कडबा अंथरला, खुंट्यांना पोती गुंडाळली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मॅडमच्या परवानगीनं बांबू काढले. शिंगरू कासेला लागलं आणि घोडीनं या वेळी पाय उचलला नाही. तरी ते चुटूचुटू पिताना मी तिथं उभी राहू शकले नाही.

ते जगलं. महिन्याभरानं पुन्हा पेशी मोजल्या तेव्हा लॅबवाल्यानं पेशंट घरी गेला का म्हणून विचारलं. आता ते मळ्यात आईच्या पुढं पळतं. घोडी त्या घोड्याला पुन्हा दाखवायची नाही, असं मॅडमनी बजावलं. मामांनी घोडी कुणालाच दाखवायची नाही असं ठरवून टाकलं.

शिंगराला रक्त दिलं त्याच आठवड्यात उपकेंद्रात एक पहिलटकरीण बाळंत झाली. तिची आई माझ्यासमोर चीक पिळून टाकायला वाटी घेऊन बसली आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. मी बाहेर येऊन आमच्या डॉक्टरांना फोन केला आणि सगळं सांगितलं. त्यांनी समजावलं की माणसांत असं झालंच तर ते आईच्या पोटातच होतं, वारेतून. चिकाचा त्यात काही दोष नाही, माणसाच्या बाळाला चीक पाजायचाच. हे मला आधीच माहीत असायला हवं होतं. मी आत गेले, वाटी काढून घेतली आणि बाळ छातीला लावलं. पण माझं लक्ष कितीतरी वेळ त्याच्या हिरड्यांकडं जात राहिलं.

पुढच्या बैठकीत मी ती गोष्ट नीट करून सांगितली. माझ्या सासऱ्यांनी कोयता उकळून घेतला होता, शिंगरू दुसऱ्याच आजारानं गेलं, मी त्यांच्यावर खोटा आळ घेतला आणि इथं तुमच्यासमोर दोन वर्षं घेत राहिले, असं सगळं. कोपऱ्यात बसलेल्या एका म्हातारीनं, जी नातीला घेऊन आली होती, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"म्हंजी सिस्टर, उकळलेला आसंल तर कोयता चालतो व्हय?"

दोघीचौघी हसल्या. मी नाही म्हणाले. कोयता चालत नाही, बाळंतपण इथं येऊनच करायचं. मग मी रजिस्टर उघडलं, पण बराच वेळ मला त्यात काही लिहिता आलं नाही.